वेड पांघरून फ्रँकफर्टला

आक्का लेकीकडून परत आल्यापासून आमच्या आळीत दोनच विषय आहेत. उसाला पाणी कधी सुटणार हा एक, आणि जावयानं आक्कांना जर्मनीत नेमकं दाखवलं काय हा दुसरा. पहिल्याचं उत्तर पाटबंधारे खात्याला ठाऊक. दुसऱ्यासाठी सगळ्यांना आमच्या आणि आक्कांच्या मधल्या तारेच्या कुंपणाशी यावं लागतं, कारण आक्का घरात बसून काही सांगत नाहीत. कुंपणावर चढलेल्या दोडक्याच्या वेलात हात घालायचा, निबर झालेला दोडका बियाण्याला बाजूला ठेवायचा आणि कोवळा ओट्यात टाकत बोलायचं, ही त्यांची पद्धत.

"राजवाडा दाखवला असंल," समोरच्या वैनी म्हणाल्या.

"राजवाडा न्हाय न् काय न्हाय. इमानतळ दाखवला."

"मग त्यात काय? तिथं तर तुमी उतरलाच की."

"त्यो येगळा. ह्यो मोडका हाय. मुद्दाम मोडल्याला."

वैनींनी माझ्याकडं पाहिलं. जावई बेरकी निघाला, तिकिटाचे पैसे वाचवायला सासूला मोडका विमानतळ फुकटात दाखवून आणला, एवढं सगळं त्या पाहण्यात होतं. आक्कांच्या ते लक्षात आलं, पण त्यांना जावयाची बाजू घ्यायची नव्हती. त्यांना ती जागा खरंच आवडली होती, आणि का आवडली ते सांगता येत नव्हतं, म्हणून त्या रोज थोडं थोडं सांगत होत्या. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्म घालवलेली बाई. अर्धवट गोष्ट ऐकली की मला झोप येत नाही. मी रात्री त्यांच्या लेकीला फोन लावला, नावं लिहून घेतली, आणि मग कुंपणावरच्या गोष्टीला गाव आणि साल मिळालं.

फ्रँकफर्ट शहराच्या उत्तरेला बोनामेस नावाचा भाग आहे. तिथं नीदा नावाची नदी वाहते आणि पुढं जाऊन माइन नदीला मिळते. या नीदेच्या काठच्या सपाट पट्टीवर अमेरिकन सैन्याचा हेलिकॉप्टर तळ होता. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकन तिथं बसले ते 1992 सालापर्यंत. शीतयुद्ध संपलं, सैन्य गेलं, आणि धावपट्टी, हेलिकॉप्टरं ठेवायचे हँगर, टेहळणीचा मनोरा असा पसारा मागं राहिला. नदी आणि धावपट्टी यांच्यात अंतर म्हणाल तर चालत जाण्याचं.

"मंग त्यांनी काय केलं," आक्का म्हणाल्या, "ती धावपट्टी फोडली. नांगरट झाल्यावर रानात ढेकळं पडत्यात का न्हाय, तशी सिमीटाची ढेकळं पडल्याली. पर येकेक ढेकूळ दाराच्या फळीएवढं. काही उभी, काही आडवी, काही येकमेकावर कलल्याली. मला वाटलं ठेकेदार पळाला. म्या जावयाला इचारलं, काम कधी बंद पडलं? तर त्यो म्हणतो, आई, काम 2004 सालीच पुरं झालंय."

वैनी मोठ्यानं हसल्या. हसण्यासारखंच होतं. आपल्याकडं फोडलेला रस्ता आणि पुरं झालेलं काम या दोन गोष्टी एका वाक्यात बसत नाहीत.

पण त्यातली गंमत लेकीनं फोनवर समजावून दिली. त्या तळावर सगळं मिळून साडेचार हेक्टर, म्हणजे सुमारे अकरा एकर जमीन काँक्रीट आणि डांबराखाली होती. त्यातली सुमारे तीन हेक्टर फोडायची असं ठरलं. आता फोडलेलं काँक्रीट ट्रक भरभरून शहराबाहेर नेऊन टाकायचं म्हणजे केवढा खर्च, आणि तिकडं दुसऱ्या कुणाच्या तरी दारात तो ढीग. कासेलच्या ज्या वास्तुरचनाकारांकडं हे काम होतं त्यांनी डोकं चालवलं: फोडा आणि तिथंच ठेवा. एका पट्ट्यात मोठमोठ्या लाद्या, दुसऱ्यात उशीएवढे तुकडे, तिसऱ्यात मुठीत मावतील असे, आणि कुठं नुसता चुरा. मग हात झाडून बाजूला व्हा. माती टाकायची नाही, रोपं आणायची नाहीत, ठिबक अंथरायचं नाही.

"मंग झाडं कुठनं आली?" वैनी.

"वाऱ्यानं," आक्का म्हणाल्या. "दोन लाद्यांच्या फटीत धूळ बसती. धुळीत बी पडतं. म्या सोता वाकून बघितलं. फट बोटभर बी न्हाय. आत काळी माती, शेवाळ, त्यातनं येक काटकी वर आल्याली. तिची साल पांढरी, कागदासारखी सुटती. आणि त्या काटकीनं, बाई, ती दाराएवढी लादी उचलल्याली. खाली हात जात व्हता माझा."

ते झाड भूर्जाचं, म्हणजे बर्चचं. मोकळ्या, नापीक जागेत बर्च, विलो, पॉपलर ही झाडं सगळ्यांत आधी येतात, कारण त्यांचं बी हलकं असतं आणि त्यांना चांगल्या मातीचा सोस नसतो. मोठ्या लाद्यांमध्ये पाणी साचतं, तिथं बेडूक. तापणाऱ्या चुऱ्यात निळ्या पंखांचा नाकतोडा. उघड्या खडीत कंठेरी चिखल्या. हा इवलासा पक्षी आपल्या नदीच्या वाळूतही असतो. तो घरटं बांधायच्या भानगडीत पडत नाही, खड्यांत खड्यासारखी दिसणारी अंडी घालतो. आपल्याकडची वाळू उपसून कुठं गेली हे इथं लिहायची गरज नाही, वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांची घरं त्यातच बांधलेली आहेत.

चिखल्याला खडी पाहिजे, बेडकाला डबकं पाहिजे, नाकतोड्याला तापलेली उघडी जमीन पाहिजे. एकसारखी हिरवळ अंथरली असती तर यातल्या कुणाचंच भागलं नसतं. तुकडे लहान-मोठे ठेवण्यामागं हे कारण होतं.

इथवर गोष्ट आली तेव्हा सुभेदार दादा डेअरीला दूध घालून रिकामी किटली हलवत चालले होते. ते थांबले. सुभेदार दादा सैन्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण लष्कर हा शब्द कानावर पडला की पाय आपोआप थांबतात.

"तळाला नाव कुणाचं होतं?" त्यांचा पहिला प्रश्न.

मी वहीत पाहून सांगितलं. मॉरिस रोझ. अमेरिकेच्या तिसऱ्या चिलखती डिव्हिजनचा सेनापती, मेजर जनरल. 30 मार्च 1945 ला जर्मनीत पाडरबोर्नजवळ रणगाड्यांच्या गराड्यात सापडला आणि गोळी लागून मेला. युद्ध संपायला जेमतेम सव्वा महिना उरला होता.

सुभेदार दादांनी किटली खाली ठेवली. "आणि त्या माणसाच्या नावाच्या धावपट्टीत आता बेडकं?"

"बेडकं, आणि पोरं," आक्का म्हणाल्या. "समदी धावपट्टी न्हाय फोडली. येक पट्टा तसाच ठेवलाय. त्याच्यावर पोरं सायकल शिकत्यात. चाकांचे बूट घालून पळत्यात. पतंग उडवत्यात. मनोऱ्यात हाटेल काढलंय. म्या तिथं बसून केक खाल्ला. येका शेडमधी जुन्या आगीच्या बंबांचं म्युझियम हाय."

"म्हणजे मनोरा पाडला नाही?"

"कशापायी पाडतील? मनोरा बघितला की कळतं ना हितं काय व्हतं ते."

दादांचं यावर थोडं समाधान झालेलं दिसलं. त्यांचं दुःख बेडकांचं नव्हतंच. जिथं माणसांनी ड्यूटी केली ती जागा पुसून टाकली की काय, हे त्यांना टोचत होतं. मग त्यांनीच दुसरा किस्सा सांगितला. उत्तर आणि दक्षिण कोरियाच्या मध्ये 1953 पासून एक पट्टा आहे, सुमारे अडीचशे किलोमीटर लांब आणि चार किलोमीटर रुंद. दोन्ही बाजूंना बंदुका रोखलेल्या, मध्ये माणसाला बंदी, आणि थंडीत तिथं लाल टोपीचे करकोचे उतरतात. युद्धकैद्यांचा प्रश्न सोडवायला आपलं सैन्यही तिकडं गेलं होतं, जनरल थिमय्या त्या आयोगाचे अध्यक्ष होते. "आणि लांब कशाला," दादा म्हणाले, "खडकवासल्याला एनडीएत जाऊन या. सात हजार एकर. शेजारी पुण्यानं डोंगर पोखरले, आत मोर फिरतात."

यातलं मर्म सुभेदार दादांनी सहज बोलून टाकलं. लष्कर जागा घेतं तेव्हा शेतकऱ्याच्या पोटावर पाय येतो, हे खरंच. पण घेतल्यावर तारेचं कुंपण पडतं, आणि त्या कुंपणाच्या आत कुणी एनए करत नाही, गुंठेवारी पाडत नाही, फ्लेक्स लावून 'निसर्गरम्य परिसरात बंगलो प्लॉट' विकत नाही. फ्रँकफर्टसारख्या बँकांच्या शहरात नदीकाठची एवढी सपाट जमीन इतकी वर्षं शिल्लक राहिली ती हेलिकॉप्टरांमुळं. आणि सैन्य गेल्यावरही ती बिल्डरच्या घशात गेली नाही, कारण शहरानं 1991 सालीच आपल्याभोवतीचा हिरवा पट्टा राखीव करून टाकला होता. आठ हजार हेक्टर, म्हणजे शहराच्या एकूण क्षेत्राचा जवळजवळ तिसरा हिस्सा. तळ रिकामा झाला 1992 ला. वर्षभर आधी कागद तयार होता. बारामतीत जमिनीचे व्यवहार पाहिलेल्या कुणालाही त्या एका वर्षाची किंमत सांगावी लागणार नाही.

आता हे सगळं जर्मनीचं झालं. वैनींनी बरोबर जागी टोचलं, "आपल्याकडं हाय का असलं कुठं?"

आहे. आणि त्यासाठी व्हिसा लागत नाही. वेड पांघरून पेडगावला जायचं म्हणतात, ते पेडगाव आपल्याला दौंडच्या वाटेनं पलीकडं, भीमेच्या काठी आहे. तालुका श्रीगोंदा. तिथला किल्ला म्हणजे बहादुरगड. औरंगजेबाचा दूधभाऊ बहादूरखान कोकलताश यानं तिथं मुघल छावणी वसवली. याच बहादूरखानाला मराठ्यांनी बनवल्याची गोष्ट घरोघर सांगतात: थोडी फौज समोरून आली, खान तिच्या मागं धावत सुटला, आणि दुसऱ्या अंगानं मोठ्या फौजेनं रिकामी छावणी लुटून घोड्यांसकट खजिना नेला. पण त्या जागेचं हसू तिथंच संपतं. 1689 च्या फेब्रुवारीत संभाजीराजांना आणि कवी कलशांना पकडून आणलं ते याच बहादुरगडावर, औरंगजेबापुढं. गडाला आता धर्मवीरगड म्हणतात ते त्यामुळं.

आमच्या बचत गटाची सहल तिथं गेली होती. बायकांनी आधी लक्ष्मीनारायणाचं देऊळ पाहिलं. यादवकाळातलं काम, बाहेरच्या भिंतीवरच्या एकेका मूर्तीचे दागिने मोजत बसावं असं. मग सगळ्याजणी नदीच्या अंगाला गेल्या. तिथं भीमेचं पाणी वर खेचायच्या मोटेचं बांधकाम उभं आहे. खाली पात्र, वर छावणी, आणि मधे ही सोय. फौज म्हटली की माणसं, घोडे, हत्ती, बैल, उंट. पाणी किती लागत असेल ते त्या भिंतीची उंची पाहून कळतं. औरंगजेबानं पुढं 1695 ते 1699 ब्रह्मपुरीला मुक्काम टाकला, तोही मंगळवेढ्याजवळ भीमेवरच. लष्कराला सपाट जमीन आणि हाताशी पाणी लागतं, मग ते मुघल असोत की अमेरिकन. नदीलाही तीच सपाट जमीन लागते, पुराच्या वेळी पसरायला. म्हणून छावणी उठली की ती जागा पुन्हा नदीची व्हायला सोपी जाते.

"म्हंजी पेडगावातबी तसंच झालं की," वैनी म्हणाल्या. "फौज गेली, झाडं आली. जर्मनीवाल्यांनी येगळं काय केलं?"

खरं तर गप्पांना इथं धार आली. कारण झाडं आली होती, पण कुठली? आम्ही गेलो तेव्हा तटाच्या आत जिकडंतिकडं वेडी बाभूळ. परदेशातून आलेली, काटेरी, दुसऱ्या कशाला उगवू न देणारी. देवळापर्यंतची वाट मोकळी होती ती तिकडच्या तरुण पोरांनी सुट्टीच्या दिवशी कोयते चालवून काढलेली. पोरांनी दगडातला ढिगारा उपसलाय, बुजलेल्या वास्तू उघड्या केल्यात, आणि बाभूळ पावसाळ्यात पुन्हा येते. म्हणजे नुसतं 'सोडून दिलं' की निसर्ग येतो असं नाही. सोडून दिलं की जो सगळ्यांत दांडगा असेल तो येतो. गावातल्या निवडणुकीसारखं म्हणणार होते, पण राहू द्या.

बोनामेसला त्यांनी सोडून दिलं, पण पाठ फिरवली नाही. फ्रँकफर्टमधल्या झेंकेनबर्ग संशोधन संस्थेची माणसं तिथं येऊन कुठलं गवत आलं, कुठलं गेलं, कुठला किडा, कुठला पक्षी, याची नोंद ठेवत राहिली. शाळेची पोरं तिथंच बसून निसर्गाचे धडे शिकतात. कुठं काय वाढू द्यायचं, कुठं हात घालायचा, याचा कुणीतरी विचार करतंय. पेडगावला हात घालणारी पोरं आहेत, पण वही घेऊन बसणारं कुणी असावं असं मला तिथं फार वाटलं. देवळाच्या एकेका दगडाची मोजदाद व्हायला हवी, ती होईल. पण भीमेच्या त्या काठावर कुठली झाडं मूळची आणि कुठली घुसलेली, कुठला पक्षी कुठं अंडी घालतो, हेही लिहून ठेवलं तर गडाचं काही बिघडणार नाही. बाभूळ काढायची तर पक्षी पिल्लांवर नसताना काढता येईल. आणि काढल्यावर तिथं गावातली झाडं राहतील, लॉन येणार नाही.

"लॉन येणारच," सुभेदार दादा म्हणाले. "फंड आला की लॉन येतो. मग कारंजं. मग 'आय लव्ह पेडगाव'."

यावर कुणी काही बोललं नाही, कारण प्रत्येकीच्या मोबाइलमध्ये कुठल्या ना कुठल्या 'आय लव्ह'पुढं काढलेला फोटो आहे. माझ्याही.

आपली बारामती घ्या. कऱ्हेच्या काठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे. नाव वाडा, बांधणी भुईकोटाची. पेशव्यांचे सोयरे आणि सावकार असलेल्या बाबूजींच्या आश्रयाला मोरोपंत इथं राहिले, त्यांनी आपलं बहुतेक काव्य बारामतीतच लिहिलं, आणि 1794 साली इथंच देह ठेवला. कऱ्हेकाठी आता भिंती झाल्या, फिरायला रस्ते झाले, दिवे झाले. संध्याकाळी म्हाताऱ्या माणसांना पाय मोकळे करायला जागा झाली, याचा मला आनंदच आहे. पण भिंत बांधली की नदी आणि काठ यांची फारकत होते, हे कुणीतरी म्हणायला पाहिजे. पुण्यात मुळा-मुठेच्या 44 किलोमीटर काठाचं काम निघालंय, त्यावरून येरवड्याजवळच्या सालीम अली पक्षी अभयारण्याच्या काळजीनं माणसं रस्त्यावर उतरली. तो प्रश्न पुणेकरांचा म्हणून आपण पान उलटतो. पण मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनीत येते, आणि पुण्यानं नदीचं जे काही केलं ते इंदापूरकर पितात.

उजनीचं नाव निघालं आणि आक्कांचा हात वेलातच थांबला. त्यांचं माहेर इंदापूर तालुक्यातलं. रान धरणात गेलं. धरण पुरं झालं 1980 ला, आक्का तेव्हा नुकत्या इथं, आमच्या पिंपळीत नांदायला आल्या होत्या. पाणी उतरलं की पळसदेवाचं जुनं देऊळ उघडं पडतं तेव्हा त्या दर्शनाला जातात, आणि आपलं रान कुठल्या अंगाला होतं ते हातानं दाखवतात. भिगवण, कुंभारगाव, डिकसळच्या बाजूला हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. शहरातून मोठमोठे कॅमेरे गळ्यात घालून माणसं येतात, कोळ्यांची पोरं त्यांना नावेतून फिरवतात, चार पैसे मिळवतात.

"माझ्या बाच्या हिरीवर आता रोहित हुबा ऱ्हातो," आक्का म्हणाल्या. "लोकं फोटू काढत्यात. चांगलं हाय. पक्ष्याचा काय दोस? पर कुणी इचारत न्हाय, खाली कुणाचं रान व्हतं. त्या जर्मनीत मनोरा ठेवला, पट्टी ठेवली. म्हणून मला बरं वाटलं बगा तिथं. जे व्हतं ते झाकलं न्हाय."

इतके दिवस त्या थोडं थोडं का सांगत होत्या ते तेव्हा कळलं. वैनींनाही कळलं असावं, कारण त्यांनी जावयाचा विषय त्या दिवसापासून सोडला.

अर्थात आमच्याकडं गप्पा फार वेळ गंभीर राहत नाहीत. सुभेदार दादांनी काँक्रीटची बाजू लावून धरली आणि कालव्याचं अस्तरीकरण काढलं. नीरा डाव्या कालव्याला काँक्रीट लावायचं म्हटलं की बारामती-इंदापुरात घराघरांत दोन पक्ष पडतात. दादा म्हणतात, गळती थांबते, शेवटच्या टोकाला पाणी पोचतं. आक्का म्हणतात, गळतीवरच आमच्या विहिरी जगतात, कालवा सिमीटात घातला तर विहिरीत काय दगड उपसायचे? दादा म्हणतात, 2025 च्या मेमध्ये इथंच पिंपळीच्या हद्दीत कालवा फुटला, पालखी मार्गावर पाणी आलं, ते विसरलात? आक्का म्हणतात, एवढा पाऊस मे महिन्यात कुणाच्या आज्यानं पाहिला होता? दोघांचंही खरं आहे. टोकाच्या शेतकऱ्याला पाणी पाहिजे आणि काठावरच्या विहिरीलाही पाहिजे. एवढंच की जमिनीवर काँक्रीट टाकलं म्हणजे खालचं पाणी तुटतं, हे आमच्या गावाला पुस्तकातून शिकावं लागत नाही. मग फोडलेल्या काँक्रीटमधून पाणी जमिनीत जातं आणि झाड वर येतं, हे तरी विचित्र का वाटावं?

जाता जाता दोन गोष्टी, कारण कुणीतरी म्हणेल की जर्मनीसारखं इथं होत नसतं. मुंबईत मिठी नदीच्या काठी, धारावीला लागून, शहराचा उकिरडा होता. सत्तरच्या दशकात तिथं कचरा टाकणं बंद झालं आणि पुढं त्याच ढिगावर माती घालून 37 एकरांचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभं राहिलं. 1994 साली ते लोकांना खुलं झालं. माझा भाऊ सायनला राहतो, त्यानं नेलं म्हणून पाहिलं. आत शिरल्यावर खाली कचरा आहे यावर विश्वास बसत नाही. तिथून जवळच रीवाचा किल्ला आहे, इंग्रजांनी मिठीवर नजर ठेवायला बांधलेला. लोक त्याला काळा किल्ला म्हणतात आणि बसच्या आगारालाही तेच नाव आहे. उकिरड्याचं नशीब उजळलं, किल्ला तसाच राहिला. दुसरं उदाहरण छत्रपती संभाजीनगरचं. खाम नदी तिथं छावणीच्या हद्दीतून वाहते. गेल्या काही वर्षांत महापालिका, छावणीचं प्रशासन आणि नागरिकांच्या संस्था यांनी मिळून तिच्यातला कचरा काढून काठ सावरायचं काम केलं. लष्कराची हद्द आली की फाइल अडते अशी आपली समजूत असते. तिथं ती अडली नाही.

आणि एक राहिलंच. बोनामेसजवळ नीदेवरच्या पुलावर एक चमत्कारिक प्राणी बसवलाय. थोडा डुक्कर, थोडी पाण्यातली पाल, थोडी भोरडी. रोबर्ट गेर्नहार्ट नावाच्या कवीनं आणि व्यंगचित्रकारानं तो शहराच्या हिरव्या पट्ट्यासाठी कल्पनेनं तयार केला, आणि गावानं त्याचा पुतळा करून पुलावर ठेवला. पुलालाही पुढं त्याच कवीचं नाव दिलं. येणारंजाणारं पोर त्याला हात लावतं. आक्कांनी त्याला हळदीकुंकवाशिवाय नमस्कार केला, असं लेकीनं सांगितलं. आक्का हे नाकारतात.

आमचं मत विचाराल तर, नदीकाठी रिकामी होणारी जागा मग ती लष्कराची असो, पाटबंधारेची असो की बंद पडलेल्या गोदामाची, तिथं पहिलं टेंडर पेव्हिंग ब्लॉकचं निघू नये. आधी काय मोडायचं ते ठरवावं, मग काय ठेवायचं ते, आणि लावायचं काय हा प्रश्न सगळ्यांत शेवटी यावा. त्याच्याही आधी सातबाऱ्यावर आरक्षण पडलेलं असावं. हा क्रम चुकला की बाकी सगळं सुशोभीकरण.

ज्यांची लेकरं फ्रँकफर्टकडं आहेत त्यांच्यासाठी: यू-2 ची मेट्रो काल्बाखला थांबते, तिथून जुना तळ चालत जाण्याच्या अंतरावर आहे, तिकीट नाही. ज्यांची नाहीत त्यांनी पेडगावला जावं. हिवाळ्यात जा, उन्हाळ्यात तटाच्या आत फार तापतं. पाणी घरून न्या, बाटल्या परत आणा, आणि भीमेच्या अंगाला मोटेपाशी पोचल्यावर पोरांना दगडावर नावं कोरू देऊ नका.